खांदेपालट

रविवारी रात्री साडेनऊला मोबाइल वाजला तेव्हा मी सोमवारच्या प्रेझेंटेशनच्या शेवटच्या स्लाइडशी झटापट करत होते. स्क्रीनवर नाव मावसभावाचं, आवाज मात्र त्याच्या मंडळातल्या कुणाचा तरी. ''ताई, बारक्याचा खांदा सरकलाय. ग्राउंडवर या लवकर.''

बारक्या म्हणजे आमच्या घरातलं शेंडेफळ. आता पावणेसहा फूट उंच आहे, वय एकोणीस, एसवाय बीकॉम, पण नाव चिकटलं ते चिकटलं. लालबाग-परळ पट्ट्यात कबड्डी ही रेशन कार्डासारखी गोष्ट आहे, घरटी एक तरी असतेच. मावशीच्या घरातलं ते कार्ड म्हणजे बारक्या. चढाईपटू. जिल्ह्याच्या संघात खेळून आलेला, आणि चार महिन्यांवर एका सरकारी खात्याच्या संघाची ट्रायल. लागला तर स्पोर्ट्स कोट्यातून पर्मनंट नोकरी. काकांची रिटायरमेंट दोन वर्षांवर आलीये. बाकी हिशेब तुम्हीच करा.

मी पोचले तेव्हा तो खुर्चीवर बसला होता. डाव्या हातानं उजवा हात धरलेला, चेहरा खडूसारखा. पकड झाली होती, तरी पठ्ठ्यानं आडवं पडून मध्यरेषेकडे हात ताणला. बोट रेषेला लागलं आणि त्याच क्षणी वरून दोघं जण पाठीवर कोसळले. पॉइंट मिळाला, खांदा गेला! त्याची खांद्याची गोलाई गायब झाली होती. हँगरला टांगलेल्या शर्टासारखा सरळ कोपरा दिसत होता.

आणि मग आपल्याकडे जे होतं ते झालं. गर्दीतून एक गृहस्थ बाह्या सरसावत पुढे आले. ''सरका, मी बसवतो. गावाला आमच्याकडे हेच करतात.'' बॉस, त्या क्षणी मी जी किंचाळले, ती माझ्या अप्रेझलच्या वेळीसुद्धा किंचाळले नसेन. हाडवैद्यांबद्दल माझा राग नाही. त्या गृहस्थांची पद्धतही काही हवेतली नव्हती. काखेत टाच लावून हात ओढायची युक्ती हिपोक्रेटिसच्या नावावर आहे, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. पण आत हाड मोडलंय की नुसतं निखळलंय, हे एक्स-रे शिवाय कुणालाच कळत नाही. मोडलेल्या हाडाला हिसका दिला तर एकाचे दोन तुकडे व्हायला वेळ लागत नाही. शिवाय खांद्याच्या सांध्याला अगदी लगटून एक नस जाते, ॲक्सिलरी नर्व्ह तिचं नाव. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, साधारण जिथे बीसीजीच्या लशीचा व्रण असतो, तिथली संवेदना ती सांभाळते. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरनं पहिल्यांदा तिथेच बोट फिरवलं, ''इथे कळतंय का?'' मग एक्स-रे, मग झोपेचं इंजेक्शन, मग शांतपणे, जराही घाई न करता हात फिरवत नेला. खट्ट! बसला. मग पुन्हा एक्स-रे. दहा मिनिटांत बारक्याच्या चेहऱ्यावर रंग आला आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला, ''मॅच कोण जिंकलं?''

काकांनी सुटकेचा श्वास सोडला. ''बसला ना? मग झालं!''

इथेच तर सगळी गडबड आहे. खांदा बसला म्हणजे झालं नाही. आपल्या शरीरातला हा सगळ्यात मोकळा सांधा आहे. हात वर, मागे, गोल, कुठेही जातो, आणि त्या मोकळेपणाची किंमत म्हणजे अस्थिरपणा. शाळेतली लिंबू-चमचा शर्यत आठवते? दंडाच्या हाडाचा वरचा गोळा म्हणजे लिंबू, आणि पाठीच्या फऱ्याच्या हाडाची उथळ वाटी म्हणजे चमचा. लिंबू मोठं, चमचा छोटा. मग लिंबू पडत का नाही? तर चमच्याच्या काठाला एक मऊ, चिवट कड असते, प्रेशर कुकरच्या रिंगसारखी. तिला म्हणतात लॅब्रम. तिच्यामुळे वाटी जरा खोल होते, आणि पुढचे लिगामेंट्स तिलाच येऊन चिकटलेले असतात. हात वर आणि बाहेर ताणलेला असताना (बॉल फेकायच्या ॲक्शनमध्ये असतो तसा) जोरात झटका बसला की लिंबू पुढच्या बाजूनं बाहेर पडतं आणि जाता जाता ती रिंग उपटून नेतं. निखळणारे बहुतेक खांदे असे पुढेच निखळतात. लिंबू परत चमच्यात ठेवता येतं. पण रिंग आपोआप नीट जागेवर जाऊन चिकटेल याची गॅरंटी कोण देणार?

ही उपटलेली रिंग म्हणजेच बँकार्ट लीजन. ब्लंडेल बँकार्ट नावाच्या लंडनच्या सर्जननी १९२३ मध्ये आणि मग १९३८ मध्ये ते सविस्तर मांडलं. बारक्याच्या एमआरआयमध्ये हेच शब्द आले. काकांनी तीनदा वाचून विचारलं, ''बँकेचा काय संबंध?''

आता हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, ही कबड्डीवाल्यांची दुखणी, आमचा काय संबंध? तर क्रिकेटकडे वळू. २३ मार्च २०२१, पुण्याजवळ गहुंजेचं स्टेडियम, इंग्लंडविरुद्धची पहिली वन-डे. श्रेयस अय्यर फील्डिंग करताना बॉल अडवायला झेपावला आणि डाव्या खांद्यावर पडला. बातमीत शब्द होता 'सबलक्सेशन', म्हणजे लिंबू पूर्ण बाहेर पडलं नाही, काठावर जाऊन परत आलं. ऐकायला किरकोळ वाटतं ना? ८ एप्रिलला त्याचं ऑपरेशन झालं. आदल्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, त्यानं दिल्लीला पहिल्यांदाच आयपीएलच्या फायनलला नेलं होतं. २०२१ मध्ये ती कॅप्टन्सी ऋषभ पंतकडे गेली. मे महिन्यात कोरोनामुळे स्पर्धा मध्येच थांबली आणि उरलेली सप्टेंबरमध्ये यूएईत झाली, म्हणून निदान अर्धी आयपीएल तरी त्याला मिळाली. २२ सप्टेंबरला तो परत आला, नाबाद ४७ रन्स केले, पण कॅप्टन पंतच राहिला. एका डाइव्हची एवढी किंमत. पेपरवाले मंत्रिमंडळात फेरबदल झाला की 'खांदेपालट' म्हणतात, इथे ती अक्षरशः झाली.

पुढचं तुम्हाला माहितीये. नोव्हेंबरमध्ये कानपूरला टेस्ट पदार्पणात सेंच्युरी, २०२४ मध्ये कोलकात्याचा कॅप्टन म्हणून आयपीएल ट्रॉफी. पण ऑपरेशन ते मॅच हा काळ मोजा. साडेपाच महिने. बीसीसीआयचे फिजिओ, ट्रेनर, डाएटिशियन असा ताफा दिमतीला असतानासुद्धा साडेपाच महिने. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आमच्या घरातलं महाभारत याच आकड्यावर झालं.

गहुंजेचं पीच खांद्यांना मानवत नाही की काय देव जाणे! २०१७ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या टेस्टमध्ये के. एल. राहुलनं तिथेच खांदा दुखावून घेतला होता, तोही बॅटिंग करताना, मोठा फटका मारायच्या नादात. तो तसाच सिरीजभर खेळला आणि मग ऑपरेशनला गेला. त्या वर्षीची आयपीएल हुकली. आणि आपला सचिन? मार्च २००६ मध्ये लंडनला उजव्या खांद्याचं ऑपरेशन, वेस्ट इंडिजचा दौरा बुडाला, आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला परत आल्यावर त्याच वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १४१. त्यालाही साडेपाच महिनेच लागले!

असो. परत लालबागला.

डॉक्टर अगदी तरुण होते, पस्तिशीचे असतील. त्यांनी दोन रस्ते समोर ठेवले. एक, ऑपरेशन करायचं नाही. काही दिवस स्लिंग, मग फिजिओ, ताकद आली की ब्रेस लावून खेळायचं. बरेच खेळाडू सीझनच्या मध्यात हाच जुगार खेळतात, महिन्याभरात मैदानावर दिसतात. म्हणजे चार महिन्यांवरची ट्रायल देता येईल. दुसरा रस्ता, दुर्बिणीनं ऑपरेशन. मग सहा महिने कबड्डी बंद, ट्रायल गेली.

''ऑपरेशन नाही केलं तर परत निखळेल?'' मावशीनं विचारलं.

''काकू, चाळिशीतला माणूस असता तर मी ऑपरेशनचं नावसुद्धा काढलं नसतं,'' डॉक्टर म्हणाले. ''पण विशीच्या आतला मुलगा आणि अंगाला अंग भिडणारा खेळ... निम्म्याहून जास्त जणांचा परत निखळतो.''

मग त्यांनी कागदावर एक गणित मांडलं. त्याचं नाव आयसिस स्कोअर (दचकू नका, हे नाव २००७ मधलं आहे, ते दुसरं नाव बातम्यांत यायच्या आधीचं). बाल्ग आणि बॉयलो या दोन सर्जनची ही दहा मार्कांची परीक्षा. वय वीस किंवा त्याखाली? दोन मार्क. स्पर्धात्मक पातळीवर खेळतो? दोन. कॉन्टॅक्ट किंवा हात डोक्यावरून फेकायचा खेळ? एक. सांधे मुळातच सैल? एक. साध्या एक्स-रेमध्ये गोळ्याला खोक पडलेली दिसते? दोन. वाटीचा काठ झिजलेला? दोन. या परीक्षेत कमी मार्क मिळाले तर पार्टी! सहाच्या वर गेलात तर नुसत्या शिवणकामावर भागणार नाही, असं मूळ संशोधन म्हणतं. नंतर काहींनी ही रेषा आणखी खाली ओढलीये. बारक्याला पाच पडले. हाडाला धक्का नव्हता, नुसतं वय आणि खेळ यांचेच पाच.

मला स्वतःला कुणी पटकन 'सर्जरी' म्हटलं की संशय येतो. कॉर्पोरेटमध्ये दहा वर्षं काढल्यावर समोरच्याचं टार्गेट काय असेल, हाच विचार आधी येतो डोक्यात! म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे गेलो. तर ते म्हणाले, ऑपरेशन करायचं हे बरोबरच, पण कबड्डीवाल्याला मी सरळ लाटार्जे करीन. आता हे काय नवीन? तर फऱ्याच्या हाडाला पुढे कावळ्याच्या चोचीसारखं एक टोक असतं. ते त्याच्या स्नायूसकट कापून वाटीच्या पुढच्या काठावर दोन स्क्रूंनी बसवायचं. वाटी मोठी होते, आणि हात वर गेला की तो स्नायू समोरून पट्ट्यासारखा आडवा येतो. फ्रान्समधल्या ल्यॉनच्या मिशेल लाटार्जे यांनी १९५४ मध्ये सांगितलेली ही आयडिया आजही सॉलिड चालते, विशेषतः काठाचं हाड झिजलेलं असेल तेव्हा. पण काम मोठं, आजूबाजूला नसा, आणि एकदा केलं की आतला नकाशा कायमचा बदलतो. पहिले डॉक्टर म्हणाले, ''हाड शाबूत आहे तोवर शिवणकाम. सुतारकाम करायची वेळ आली तर तेव्हा बघू.'' मला हे पटलं. दुसऱ्यांचंही चूक नव्हतं. दोन हुशार माणसं एकाच एमआरआयकडे बघून वेगळं बोलू शकतात, हे पेशंटच्या घरच्यांना फार जड जातं हो!

घरी मात्र काका अडून बसले. ट्रायल आधी, ऑपरेशन नंतर. त्यांचं चूक म्हणू कसं? सरकारी भरती दरवर्षी निघतेच असं नाही. मावशीला कापाकापीची भीती. तिच्या घरात 'खांदा देणे' हा शब्दप्रयोगसुद्धा चालत नाही, अशुभ म्हणून. बारक्या गप्प. एकोणीस वर्षांच्या पोरानं काय ठरवायचं? हो म्हटलं तर नोकरी जाते, नाही म्हटलं तर खांदा.

निकाल लावला तो मंडळातल्या एका जुन्या खेळाडूनं. चाळिशीचा माणूस, एके काळी नावाजलेला. तो बघायला आला, चहा घेतला, आणि बारक्यासमोर आपला उजवा हात अर्ध्यावर नेऊन थांबवला. ''याच्या वर नेत नाही मी. भीती वाटते. पहिल्यांदा निखळला तेव्हा मी तुझ्याएवढा होतो. बसवला आणि खेळलो. मग मोजणं सोडलं. शेवटचा निखळला तेव्हा मी ट्रेनमध्ये रॅकवरची बॅग काढत होतो.''

हे असंच होतं. दर वेळी निखळताना गोळा वाटीच्या काठावर घासतो. काठ झिजतो, गोळ्याच्या मागच्या बाजूला खोक पडते (हिल आणि सॅक्स या दोन अमेरिकन रेडिओलॉजिस्टनी १९४० मध्ये ती दाखवून दिली), आणि पुढच्या वेळी निखळायला कमी जोर पुरतो. मग मॅच लागत नाही, लोकलचा रॅक पुरतो.

बारक्या त्या रात्री एवढंच म्हणाला, ''ताई, ट्रायलमध्येच निखळला तर? सिलेक्टरांसमोर?'' काका उठून गॅलरीत गेले. सकाळी त्यांनीच हॉस्पिटलला फोन लावला.

ऑपरेशनची पोझिशन म्हणजे 'बीच चेअर'. खरंच हेच नाव! पेशंटला गोव्याला बसवतात तसं अर्धवट बसवतात, फक्त हातात शहाळं नसतं. सेंटिमीटरभराची दोन-तीन भोकं, एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. आत सलाइन सोडून जागा करतात. वाटीचा काठ खरवडून ताजा करतात, त्यात बारीक भोकं पाडून अँकर बसवतात. अँकर म्हणजे भिंतीत फ्रेम लावायला आपण ठोकतो तो गिट्टा समजा, फक्त याला दोरे असतात. बारक्याला तीन बसले. दोरे लॅब्रममधून ओवून, ताणून गाठी. रिंग परत कुकरला! बाहेर आम्ही मात्र शंभर वर्षं बसल्यासारखे बसलो होतो.

एका गोष्टीची आम्हाला आधी नीट कल्पना नव्हती. दुखू नये म्हणून मानेजवळ इंजेक्शन देऊन अख्खा हात बधिर करतात. त्यानं शेजारची, श्वासाच्या पडद्याची नसही काही तास झोपते. संध्याकाळी बारक्या जागा झाला आणि त्याला दीर्घ श्वासच घेता येईना. पोरगा हात सोडून छातीलाच घाबरला. ''ताई, दम लागत नाहीये. दम गेला की काय?'' कबड्डीवाल्यासाठी दम म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. नर्सनं समजावलं, ''इंजेक्शन उतरलं की ठीक होईल.'' पहाटे उतरलं, आणि श्वास परत आल्याबरोबर खांदा असा काही ठणकायला लागला की पठ्ठ्या म्हणाला, आधीचंच बरं होतं.

तुमच्यासाठी दोन शब्द, कारण तुमच्यापैकी निम्मे जण शनिवारी रात्री टर्फवर असतात हे मला माहितीये. पस्तिशीचे असाल, रविवारपुरतं खेळत असाल आणि पहिल्यांदाच निखळला असेल, तर बहुतेकदा स्लिंग आणि फिजिओवर भागतं. ऑपरेशनची घाई नको. चाळिशीच्या पुढे निखळला आणि बसवल्यावरही हात वर जात नसेल, तर मात्र रोटेटर कफ फाटलाय का ते लगेच बघा, तिथे वेळ घालवणं महागात पडतं. सायकलवाल्यांनो, तुमचा प्रॉब्लेम वेगळा. तुम्ही खांद्याच्या टोकावर आपटता आणि कॉलरबोनचं टोक पायरीसारखं वर येतं. त्याच्या सहा ग्रेड आहेत, पहिल्या दोन आपोआप बऱ्या होतात, शेवटच्या तिघांना सर्जन लागतो, आणि तिसरीवरून सर्जन मंडळी आपापसात भांडतात. आणि घाईबद्दल शंका असेल तर मोटोजीपीच्या मार्क मार्केझला आठवा. जुलै २०२० मध्ये दंडाचं हाड मोडलं, दोन दिवसांत प्लेट बसवली, त्याच आठवड्यात पुन्हा बाइकवर. आणि मग घरी खिडकी उघडताना प्लेटच गेली! त्या हाताची एकूण चार ऑपरेशन्स झाली, आणि पुढचं वर्ल्ड टायटल थेट २०२५ मध्ये.

बारक्याचा आज बाविसावा दिवस. स्लिंग अजून आहे. सहा आठवड्यांनी हात स्वतःच्या जोरावर उचलायचा, तीन महिन्यांनी वजनं, सहा महिन्यांनी मातीत, तेही फिजिओनं पास केलं तर. गाठी नुसत्या धरून ठेवतात, रिंग हाडाला चिकटायचं काम शरीर आपल्याच स्पीडनं करतं, तिथे वशिला चालत नाही. आणि एवढं करूनही परत निखळणारे असतात, कॉन्टॅक्ट गेमवाल्यांत जरा जास्तच, हे डॉक्टरांनी काकांना तोंडावर सांगितलंय. गावाकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात ना, तूप-हळद लावून? मावशीनं सुरुवातीला तसंच काहीतरी तेल लावायला काढलं होतं. फिजिओनं हात जोडले.

ट्रायल अजून तीन महिन्यांवर आहे. काकांनी फॉर्म भरलेला नाही, पण ती जाहिरात कापून फ्रिजवर चिकटवून ठेवलीये, का ते मी विचारलं नाही. काल संध्याकाळी मी गेले तर मावशी देवापाशी दिवा लावत होती आणि आतल्या खोलीतून पुटपुटल्यासारखा आवाज येत होता. मला वाटलं मंत्र वगैरे म्हणतोय. डोकावले, तर स्लिंगमध्ये हात, डाव्या हातात मोबाइलचा स्टॉपवॉच आणि डोळे मिटून एका दमात, ''कबड्डी-कबड्डी-कबड्डी...''

तीस सेकंद झाले तरी थांबला नाही. मी चहा टाकायला आत गेले.